हिंगाला वास होता

"गोल फिरा," सेक्रेटरी म्हणाले.

मी फिरले.

अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीचं फाटक. सकाळचे साडेसात. त्यांच्या हातात कुंड्यांवर औषध मारायचा पंप. आधी पाठीवर फवारलं, मग पदरावर, मग चपलांवर. पाण्याच्या टाकीत टाकतात त्या पावडरीचा उग्र वास. डोळे चुरचुरायला लागले. मग म्हणाले, हात वर. मी हातही वर केले. तव्यावरची भाकरीसुद्धा आपण होऊन उलटत नाही, तिला कोणीतरी उलटावं लागतं. मी आपण होऊन उलटले. वर हसले. मास्कच्या आत हसले, त्यामुळे ते हसू कोणाला दिसलंही नाही. फुकट गेलं.

सेक्रेटरींचा स्वतःचा मास्क हनुवटीवर होता. दाढीला थंडी वाजत असावी. बोलताना त्यांच्या थुंकीचा थेंब उडाला आणि माझ्या कपाळावर, टिकलीच्या शेजारी पडला. पुसायला हात खाली घेतला तर म्हणाले, "हात वर ठेवा ओ मावशी. झालं नाही अजून."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे साहेब कुत्रा फिरवून आले. तोंड उघडं. सरळ आत गेले. त्यांच्यावर पंप नाही. कुत्र्यावरही नाही.

फाटकामागच्या बोर्डावर नोटीस होती. "सोसायटीत येणाऱ्या घरकाम करणाऱ्या व्यक्तींना मास्क बंधनकारक आहे." खाली दोन रेघा मारलेल्या. मी सातवी शिकलेली, रोज जाता-येता वाचायचे. आणि मला काय वाटायचं माहीत आहे? बघा, आपल्याला 'व्यक्ती' म्हटलंय.

इतकी बावळट होते. वय किती? अठ्ठावन्न. सगळ्यांना वाटतं बावळटपणा विशीत संपतो. माझा साठीपर्यंत टिकला. चांगल्या कापडाचा होता.

आज हे काढायचं कारण माझी नात. बदलापूरला कॉलेजात जाते. तिच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय मिळाला, महामारीत सार्वजनिक ठिकाणी मास्कची सक्ती असावी की नसावी. ती 'नसावी'च्या बाजूने उभी राहणार होती. स्वातंत्र्य, हक्क, स्वतःच्या शरीरावरचा अधिकार, असे छान छान शब्द वहीत लिहिले होते. वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, तू कुठल्या बाजूची?"

मी म्हटलं, मी हिंगाच्या बाजूची.

तिला वाटलं म्हातारी चळली. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर उल्हासनगर कॅम्प पाचला. एक खोली, वर लाकडी माळा. आजूबाजूला जीन्स शिवायचे कारखाने. लॉकडाउनमध्ये मशिनी थांबल्या आणि गल्ली इतकी गप्प झाली की कोणाच्या घरात कोण खोकतंय ते मोजता येत होतं. आम्ही मोजायचो.

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं अंबरनाथला केमिकल कंपनीत काढली. निरोप देताना कंपनीने शाल दिली, नारळ दिला आणि फुप्फुसं ठेवून घेतली. चार पायऱ्या चढले की हे भिंतीला धरून उभे राहतात. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ह्यांना हा आजार झाला तर काही सांगता येत नाही. डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणाले की सगळं सांगून झालेलं असतं.

तेव्हापासून मी घाबरले ती घाबरलेच. दुधाची पिशवी साबणाने धुवायचे. दाराची कडी धुवायचे. आले की मोरीत उभी राहून साडी बदलायची, केस धुवायचे, मगच ह्यांच्याशी बोलायचं, तेही लांबून. समोरच्या गल्लीतला चहावाला सोमवारी खोकला आणि पुढच्या सोमवारी प्लास्टिकमध्ये बांधून गेला. सोबत दोन माणसं. रडायलाही लांब उभं राहावं लागलं त्याच्या बायकोला. ते मी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. ह्यांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कोणी नाही, भाजीवाला.

दोन महिन्यांनी सोसायट्यांनी बायकांना परत कामावर घ्यायला सुरुवात केली. चूल पेटायला हवी होती. मी निघाले. कारखान्यातून जीन्सच्या खिशाच्या आतलं पांढरं कापड मिळालं होतं, त्याचे तीन पदर घालून हाताने मास्क शिवले. सहा माझे, सहा ह्यांचे. मी घरात शिरले की हेही लावायचे. ज्या माणसाला उघड्या तोंडाने श्वास पुरत नाही, तो माणूस स्वतःच्या घरात मास्क लावून बसायचा.

सोबतच्या बायका म्हणायच्या, गुदमरतं गं आत. मला नाही गुदमरलं. माझ्या तोंडाला झाकणाची सवय जुनी.

माझं माहेर सोनिवलीचं. आता तिथे टॉवर आहेत, तेव्हा भातशेती होती. आई ज्यांच्या शेतावर लावणीला जायची, त्यांच्या ओटीसमोर काही बोलायचं तर ती आधी पदर तोंडावर घ्यायची. आपली थुंकी वर उडू नये म्हणून. आम्ही धर्म बदललेली माणसं. घरातले देव केव्हाच नदीला दिलेले. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. पण ओटी समोर आली की पदर आपोआप वर. मला पदर नव्हता, मी हात ठेवायचे. एकदा मालकीण म्हणाली, "हिची पोर वलनाची हाय," आणि वरून गुळाचा खडा टाकला. मी झेलला. आठवडाभर वस्तीत सांगत फिरले, मी वळणाची आहे. गूळ संपला तरी सांगत होते.

नऊ वर्षांची होते. नऊला माफ आहे.

मोठेपणी पदर आला, तरी हात गेला नाही. साहेब समोर आला, डॉक्टर समोर आला, शाळेची बाई समोर आली की हात तोंडावर. पोरं चिडायची. मी म्हणायचे, सवय आहे, जाईल. आणि मग सरकारने सगळ्या जगालाच तोंड झाकायला सांगितलं. मला वाटलं, चला, या एका विषयात आपण पहिल्या नंबरात.

आता वहिनींचं घर. सोसायटीत चौथ्या मजल्यावर. वहिनी, त्यांचे मिस्टर, आणि सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे. त्या घरात मी चौदा वर्षं स्वयंपाक केला आणि चौदा वर्षं एक थेंब चाखला नाही. नियम होता. आधी देवाला, मग घरच्यांना. करणारीने चाखलं की उष्टं. पहिल्याच दिवशी मी आमटीचा थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला. वहिनींनी पाहिलं. रागावल्या नाहीत. पातेलं उचललं आणि आमटी मोरीत ओतली. शांतपणे. त्या शांतपणाची मला इतकी भीती बसली की त्या दिवसापासून मी नाकाने स्वयंपाक करायला लागले.

मीठ वासावर कळतं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. आमटीला मीठ बरोबर पडलं की वास खाली बसतो. कमी असलं की आमसुलाचा वास वर वर नाचत राहतो. पोळी कुठे करपणार ते करपायच्या आधी कळतं. आणि हिंग. हिंग तेलात पडला की पहिला वास कच्चा, दुसरा खरा, तिसरा जळका. दुसऱ्याला डाळ ओतायची. अण्णा पाहुण्यांना सांगायचे, आमच्या मावशींच्या हाताला चव आहे. मी तोंडावर हात ठेवून लाजायचे.

तीन पदरी मास्कातून दुसरा वास कुठला आणि तिसरा कुठला? अंदाजाने करायला लागले. दुसऱ्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, आमटीला चव नाही. मी मीठ वाढवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मीठ खारटही लागत नाही, चवच नाही. मी लसूण वाढवला. तिसऱ्या दिवशी मिस्टर ताटावरून उठले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "मावशी, हात गेला तुमचा. वय झालं."

चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी सिंककडे तोंड करून उभी राहिले. मास्क आतून ओला झाला.

अण्णा आतल्या खोलीत खोकत होते. दार लावलेलं. वहिनी म्हणाल्या, पंख्याची सर्दी झालीय त्यांना. असं म्हणताना त्या माझ्या खांद्यावरून वाकून पातेल्यात बघत होत्या, तोंड उघडं, आणि मध्येच त्याही खोकल्या. मी बाजूला सरकले. 'वहिनी, मास्क लावा' हे तीन शब्द माझ्या जिभेवर होते. तिथेच राहिले. उष्टे झाले.

चौथ्या दिवशी मला राहवेना. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. मास्क नाकाखाली ओढला आणि पातेल्यावर वाकले. हिंग सणकून नाकात गेला. सगळं होतं. मीठ बसलेलं, लसूण जागेवर, हिंग दुसऱ्या वासाचा. अगदी बरोबर आमटी.

"मावशी, मास्क."

वहिनी दारात. मी दचकून मास्क वर घेतला आणि सवयीने वरून हातही ठेवला. झाकणावर झाकण.

"नोटीस वाचता ना रोज? तुमच्यासाठीच लावलीय ती. घरात म्हातारं माणूस आहे आमच्या." एवढं बोलून त्या खोकल्या. माझ्याकडे तोंड करून.

मी म्हणाले, "चुकलं वहिनी."

माझं नाक म्हणत होतं, हिंग आहे. वहिनी म्हणत होत्या, नाही. चौदा वर्षं ज्या नाकावर ते घर जेवलं, ते नाक मी खोटं ठरवलं. स्वतःच्या तोंडावर असलेलं नाक! असं गाढव उल्हासनगरात शोधून सापडणार नाही.

निघताना वहिनींनी हिंगाची डबी माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "हा हिंग मेलाय. फेकून द्या. नाहीतर तुम्ही न्या, तुम्हाला चालेल."

तुम्हाला चालेल. मी डबी पिशवीत गुंडाळली, ती दुसऱ्या पिशवीत घातली, गाठ मारली, आणि पाऊण तास चालत घरी आले. थँक्यू म्हणून आले, तेही सांगते.

हे खिडकीशी पाठ करून बसले होते. मी दारात पाऊल ठेवलं. ह्यांनी मास्क लावला, मग मान न वळवता म्हणाले, "हिंग आणलास वाटतं?"

बंद डबी. दोन पिशव्या. मास्क. आणि केमिकलने जाळलेलं ते नाक.

माझी चप्पल पायातच राहिली.

हिंग मेला नव्हता. मग मेलं काय होतं? त्या घरातल्या तिघांची नाकं. टीव्हीवर रोज सांगत होते, वास गेला की समजा. शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. मी रोज ऐकत होते आणि रोज त्या घरात मीठ वाढवत होते. अण्णांचा खोकला. लावलेलं दार. खांद्यावरून वाकलेलं उघडं तोंड. आणि मी मास्क खाली घेतला तो नेमका त्या स्वयंपाकघरात.

मी दारातच मागे सरले. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, तुम्ही तिथेच बसा. जवळ येऊ नका. हे उठायला लागले. मी ओरडले, बसा म्हणते ना. चाळीस वर्षांत ह्यांच्यावर असं ओरडले नव्हते. हे बसले. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि मी दारात उभी राहून तो मोजत होते. ज्या माणसाला कडीकोयंड्यापासून जपलं, त्याच्या घरात मीच घेऊन आले होते की काय?

वहिनींना तीनदा फोन केला. उचलला नाही. बरं झालं. फोनवर मी पुन्हा 'बरं वहिनी' म्हणाले असते.

सकाळी गेले. एकावर एक दोन मास्क लावून. जिन्याच्या कठड्याला हात न लावता चार मजले चढले. बेल वाजवली आणि डबी उंबऱ्यावर उघडी ठेवून पार जिन्यापर्यंत मागे झाले.

वहिनींनी दार उघडलं. तोंड उघडंच. मी म्हणाले, "वास घ्या."

त्या वाकल्या. वास घेतला. पुन्हा घेतला. डबी नाकाला लावली. मग त्यांचा चेहरा बदलला. त्याही घाबरल्या होत्या. ती भीती मी ओळखली, तीच माझ्या पोटात होती. म्हणून ओरडले नाही. नाहीतर ओरडायची तयारी करून आले होते, वाटेत दोनदा म्हणून पाहिलं होतं.

त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. अण्णांचा रिपोर्ट येऊन सहा दिवस झाले होते. बाहेर कळलं असतं तर दाराला पट्टी लागली असती, शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं असतं. आणि मी आले नसते. तीन आजारी माणसांचं कोणी केलं असतं? एवढं बोलून त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तर मास्क लावताच ना मावशी. मग तुम्हाला काय होणार?"

माझा हात वर यायला लागला. सवयीचा हात. मी त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा असावा तसं. नऊ वर्षांच्या पोरीचा हात. मी तो खाली घेतला.

"माझा मास्क तुमच्यासाठी होता, वहिनी. माझ्या म्हाताऱ्यासाठीचा मास्क तुमच्या तोंडावर असायला पाहिजे होता. तो कुठंय?"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

मी सांगितलं, आजपासून येणार नाही. भांडी घासायला येते तिला मी कळवते. सेक्रेटरींना तुम्ही सांगा, आजच, नाहीतर उद्या मी फाटकावरून सांगेन, माझा आवाज आता मोकळा आहे. डबी तिथेच सोडणार होते. मग वाटलं, का? मला दिली होती ना? उचलली.

खाली सेक्रेटरी पंप घेऊन उभे. मास्क हनुवटीवर. मी लांबूनच म्हणाले, आधी मास्क वर घ्या, मग बोलते. त्यांनी घेतला. इतका चटकन घेतला की मलाच नवल वाटलं. एवढंच करायचं होतं तर!

मग भाजीची यादी लिहायचं पेन काढलं आणि नोटिशीतले 'येणाऱ्या घरकाम करणाऱ्या' हे शब्द खोडले. राहिलं ते असं: सोसायटीत व्यक्तींना मास्क बंधनकारक आहे. मराठी जरा लंगडं झालं. सेक्रेटरी म्हणाले, हे काय करताय, सोसायटीची नोटीस आहे. मी म्हटलं, "तुम्ही पण व्यक्ती आहात ना?"

तिथून थेट तपासणीच्या रांगेत. चौथ्या दिवशी माझ्या हिंगाचा वास गेला. डबी नाकात कोंबली तरी काही नाही. कापसासारखं. मी माळ्यावर, हे खाली. हे पेज करायचे, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ताट ठेवायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. मास्क लावून. त्या दिवसांत मी एकच आवाज ऐकत होते, खालच्या शिट्टीचा. थांबली की माझंही थांबायचं. ह्यांना आजार झाला नाही. कसं काय ते मला माहीत आहे आणि ह्यांना माहीत आहे.

अण्णा गेले. वाईट वाटलं. माझ्या हाताची चव सांगणारा तो एकच माणूस होता त्या घरात. वहिनींचा फोन आला नाही, मीही केला नाही. आणि सोसायटीने नवी नोटीस लावली, घरकामाच्या बायकांना पुढील सूचनेपर्यंत प्रवेश बंद. आजार चौथ्या मजल्यावरून उतरला, बंदी आमच्यावर आली.

माझ्या नातीच्या वहीत 'सक्ती'च्या पुढे सगळे वाईट शब्द लिहिले होते. मी तिला म्हटलं, सक्तीला मी कधी घाबरले नाही, सक्ती मी नऊ वर्षांची असल्यापासून खाल्ली. मी घाबरले ते अर्ध्या सक्तीला. खालच्यांना नियम आणि वरच्यांना मर्जी, ती सक्ती. मास्क असावा. सेक्रेटरीला, साहेबाला, वहिनीला, मला. माझ्या तोंडावरचा तुला वाचवतो, तुझ्या तोंडावरचा मला. मधला एकजण म्हणाला, माझं स्वातंत्र्य, की ते माझ्या म्हाताऱ्याच्या श्वासातून कापलेलं असतं. तिने बाजू बदलली का, मी विचारलं नाही. तिचं नाक तिच्याकडे आहे.

माझं अर्धंच परत आलं. कधी वास येतो, कधी येत नाही. म्हणून आता मी चाखते. दोन नव्या घरी जाते, पहिल्या दिवशीच सांगते: मी चाखून स्वयंपाक करणार, तुमच्याआधी, तुमच्या देवाच्याही आधी. आणि घरात कोणी खोकत असेल तर मला सांगायचं, आणि मास्क आधी खोकणाऱ्याने लावायचा. एका घरात म्हणाले, असल्या अटी चालणार नाहीत. मी चपला घातल्या.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी डबी उघडते. वास आला नाही की मी ह्यांच्या श्वासाच्या शिट्टीकडे कान लावते. पण एक ठरलेलं आहे. मला वास येत असताना समोर कितीही मोठा माणूस उभा राहून म्हणाला की हिंग मेलाय, तर मी मीठ वाढवणार नाही. मी म्हणेन, हिंगाला वास आहे. तुम्ही मागे व्हा, तोंड झाका.

हात खाली ठेवून म्हणेन.